वळिवड्यातलं पोलंड : एका सहलीचं रसग्रहण

येरमाळ्याहून कोल्हापूरला जाणारी गाडी देवीसाठीच निघते. घरची येडाई, जवळची तुळजाभवानी आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा अंबाबाई, असा आमच्या भागातल्या घरांचा रिवाज आहे. रात्रीची जेवणं उरकून निघायचं, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज करत पहाटे कोल्हापूर गाठायचं, दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं. मग रंकाळा, जोतिबा, वेळ उरला तर पन्हाळा, आणि परतीची वाट. या ठरलेल्या दिवसात आणखी चार ठिकाणं घाला, असं मी मंडळींना बरेच दिवस सांगत होतो. महावीर उद्यानातला पोलिश स्तंभ, दफनभूमीतल्या पोलिश कबरी, गांधीनगरची बाजारपेठ आणि शेवटी वळिवडे. यंदा मंडळींनी मनावर घेतलं. पन्हाळा सोडला आणि पोलंड पाहिलं.

वळिवड्यातल्या पोलिश छावणीची गोष्ट आता कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित, त्यातही मुख्यतः बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ येऊन राहिली. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा एका वाक्यावर थांबतो : आपण त्यांना आसरा दिला. वाक्य खरं आहे. पण कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे, हे आपण शाळेत रसग्रहण लिहितानाच शिकतो. ही चार ठिकाणं एका दिवसात, एका क्रमानं पाहिली तर त्या एका वाक्याच्या आत किती काय दडलंय ते उलगडत जातं. म्हणून ठिकाणांची माहिती देऊन थांबण्यापेक्षा त्या दिवसाकडेच एखाद्या रचनेसारखं पाहावंसं वाटतं. कुठून सुरुवात होते, कुठे विराम येतो, कुठली ओळ उच्चारली जात नाही आणि तरीही ऐकू येते.

अंबाबाईच्या देवळाबद्दल इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की दिवसाची सुरुवात तिथे झाली हे फार बरं झालं. देवळातून बाहेर पडलेलं माणूस मनानं जरा सैल झालेलं असतं, परक्याचं दुःख ऐकायला तयार असतं.

तिथून नागाळा पार्कातलं महावीर उद्यान. सकाळी फिरायला येणारी माणसं, खेळणारी पोरं, बाकांवरची म्हातारी मंडळी, आणि त्यांच्यात उभा पोलिश स्तंभ. इथे राहून गेलेल्या पोलिश माणसांनी पुढे कृतज्ञता म्हणून तो उभारला. स्मारकं आपण एरवी चौथऱ्यावर, साखळीच्या आत, माणसांपासून लांब ठेवतो. इथे तसं नाही. स्तंभ बागेच्या रोजच्या जगण्यात मिसळून गेलाय आणि कृतज्ञतेचं स्मारक असंच असावं. विजयाचा स्तंभ पाहणाऱ्याला मान वर करायला लावतो. आभाराचा स्तंभ माणसाच्या शेजारी उभा राहतो. पाहुणे जाताना यजमानाच्या अंगणात एखादं झाड लावून जातात, त्या जातीचा हा स्तंभ आहे.

पण आभार कशाचे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. आमच्यासारख्या मराठवाड्यातल्या माणसांना तर एका तारखेपर्यंत जावं लागतं. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि महायुद्ध सुरू झालं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्यानंतर सोळा दिवसांनी पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये घुसलं, हे तितकंसं कुणी सांगत नाही. ती तारीख १७ सप्टेंबर. आमच्या गावात १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन असतं. १९४८ साली त्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. आमच्या सुटकेची तारीख आणि त्या पोलिश घरांच्या उद्ध्वस्त होण्याची तारीख एकच, नऊ वर्षांच्या अंतरानं. स्तंभासमोर उभं राहून हे सांगितलं तेव्हा आमच्या मंडळींत एकदम शांतता पसरली. तोवर पोलंड हा नकाशावरचा देश होता. त्या तारखेनं तो घरात आला.

१० फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना उचलून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात पाठवायला सुरुवात झाली. रात्री दार ठोठावायचं, सामान बांधायला थोडासा वेळ द्यायचा आणि मालगाडीच्या डब्यात कोंबायचं, अशी ती पद्धत. जंगलतोडीच्या वसाहती, सामुदायिक शेतं, थंडी, उपासमार. जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावरच हल्ला केला तेव्हा पारडं फिरलं. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला. कैदेतल्या पोलिश माणसांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांचं सैन्य उभं राहू लागलं. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्या मागोमाग आलेली बायामुलं, मिळून लाखाहून अधिक माणसं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथून सैन्य पश्चिमेकडे गेलं. बायामुलांना आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको, हिंदुस्थान, जिथे जागा मिळेल तिथे पाठवलं गेलं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांसाठी छावणी उघडली. आणि कराची-मुंबईच्या वाटेनं हजारो माणसं कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला येऊन पोचली.

हे सारं सांगून झाल्यावर आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "मंग ह्या बायांचे मालक कुठं होते?"

दिवसभरातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच. पाच हजारांत बहुसंख्य बाया आणि लेकरं, तर पुरुष कुठे गेले? बरेच जण रशियातच मेले. काहींना १९४० मध्येच गोळ्या घातल्या गेल्या. आणि जे वाचले ते अँडर्सच्या सैन्यातून इटलीत लढायला गेले. मे १९४४ मध्ये मोन्ते कासिनोच्या डोंगरावरचा मठ घेण्यासाठी जी लढाई झाली, तिचा शेवटचा टप्पा पोलिश तुकड्यांनी लढला आणि १८ मे रोजी मठाच्या भग्न भिंतींवर पोलिश झेंडा लावला. वळिवड्यात ज्यांची पत्रं यायची आणि एक दिवस यायची थांबायची, त्यातली कितीतरी पत्रं त्या आघाडीवरची असणार.

इथे आपली बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. त्याच इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढत होत्या. रायगडातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात, तुकडीतले बाकीचे पडल्यावर, एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं, मग उलटून शत्रूची ठाणी मोडली आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे असं चित्र होतं : पोलिश बाप आणि मराठी बाप एकाच देशात, एकाच शत्रूशी लढत होते, आणि पोलिश बापाची लेकरं पंचगंगेकाठी मराठी मुलखात वाढत होती. कोल्हापूर आणि इटली यांच्यामध्ये ओढलेली ही अदृश्य रेघ मला त्या पाच वर्षांतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. यजमान आणि पाहुणा, दोघांच्याही घरातली माणसं एकाच मातीत पडत होती.

ही रेघ पोलंडमध्ये कुणाच्या तरी लक्षात आली आहे. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक नोव्हेंबर २०१७ मध्ये उभं राहिलं, ते मोन्ते कासिनोच्या युद्धस्मारकाच्या लगतच. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत कोल्हापूरचं नाव झळकलं. बातमीत जागेचा अर्थ मात्र यायचा राहिला. एकीकडे लढाईवर गेलेले पुरुष, शेजारी परमुलखात तग धरून राहिलेल्या बाया. विभागलेलं घर त्या दोन स्मारकांत पुन्हा शेजारी-शेजारी आलंय. मराठी माणसांचे जथे हल्ली पूर्व युरोपच्या सहलीला जातात. वॉर्साच्या दिवसात राजवाडा, बाजारचौक आणि नव्या काचेच्या मनोऱ्यांबरोबर या जागेला अर्धा तास द्यायलाच हवा.

वॉर्साचा विषय निघालाच आहे तर तिथल्या जुन्या शहराबद्दलही बोलतो. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ते पद्धतशीरपणे जमीनदोस्त केलं. जुन्या शहराचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. युद्धानंतर पोलिश लोकांनी ते होतं तसं पुन्हा बांधलं. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेल्लोत्तो या इटालियन चित्रकारानं वॉर्साच्या रस्त्यांची बारकाव्यानं चित्रं काढून ठेवली होती. खिडक्यांच्या कमानी, छपरांचे उतार, दर्शनी भागांची नक्षी, यांसाठी त्या चित्रांचा आधार घेतला गेला. युनेस्कोनं १९८० मध्ये हे शहर जागतिक वारसा म्हणून नोंदलं, ते जुनं म्हणून नव्हे, तर माणसांनी ते ज्या निष्ठेनं परत उभं केलं त्यासाठी. सगळं राष्ट्र मिळून आपली राजधानी बांधतंय, असा त्या काळचा नारा होता. ढिगाऱ्यातून विटा वेचायला माणसं हातांनी राबली. येरमाळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चैत्र पौर्णिमेनंतर येडाईची पालखी डोंगरावरून खाली येते आणि चुन्याच्या रानात लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात, एकेक करून ढिगावर टाकतात. कुणी किती टाकले याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि बघता बघता रास उभी राहते. वॉर्सा तसं उभं राहिलं.

पण इथेच वळिवड्याच्या कथेतला सगळ्यात कडू धागा हाती लागतो, आणि तो समजला नाही तर कोल्हापुरातला दिवस अपुरा वाचला जातो. वॉर्सा परत बांधलं गेलं. वळिवड्यातल्या माणसांची गावं मात्र परत मिळाली नाहीत. ती माणसं बहुतांशी पोलंडच्या पूर्वेकडच्या मुलखातली होती आणि युद्ध संपताना झालेल्या वाटणीत तो मुलूखच सोव्हिएत संघाकडे गेला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. युद्ध जिंकलेल्या बाजूला राहूनही या माणसांना परत जायला गाव उरलं नाही. म्हणूनच १९४८ मध्ये छावणी बंद झाल्यावर यातली बरीच कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. काही पोलंडला गेली, पण आपल्या घरी नाही. हे ध्यानात घेतलं की वळिवड्याकडे पाहण्याची नजर बदलते. तो वाटेतला मुक्काम नव्हता. त्या घरांचं, त्या बोलीचं, त्या सणावारांचं पोलंड शेवटचं एकत्र नांदलं ते तिथे. त्यानंतर ते तसं कुठेच नांदलं नाही.

दफनभूमीत आम्ही थोडाच वेळ थांबलो. पोलिश नावांत अक्षरांना शेपट्या, टिंबं, आडव्या रेघा असतात. त्या नावांसमोर आमची मंडळी अडखळत उभी राहिली. उच्चार जमत नव्हता तरी मुलांच्या शाळेच्या सवयीनं दोघी-तिघींनी अक्षरं लावून पाहिली. सैबेरिया आणि इराण पार करून आलेली, पण तिथल्या आजारांनी आणि अशक्तपणानं पोखरलेली काही माणसं इथे पोचून मेली. करुण रस इथे सहज उभा राहतो आणि म्हणूनच इथे रेंगाळायचं नाही, असं माझं मत आहे. या कथेचं केंद्र कबरी नाहीत. त्या पाहून सगळं पाहिलं असं वाटायला लागलं तर चूक होते.

केंद्र पुढच्या दोन ठिकाणी आहे, आणि त्यातलं पहिलं कुठल्याच पर्यटन पत्रकात सापडत नाही. गांधीनगर.

कोल्हापूरकरांसाठी गांधीनगर म्हणजे कापडाचा घाऊक बाजार. साड्या, चादरी, तयार कपडे, लग्नाचा बस्ता. दक्षिण महाराष्ट्रातले आणि सीमेपलीकडचेही दुकानदार इथे माल भरायला येतात. आमच्या गाडीतल्या बायकांचे डोळे इथे लकाकले आणि बरोबरच होतं. पण हीच ती जागा. १९४८ मध्ये पोलिश माणसं गेली आणि रिकाम्या झालेल्या त्या छावणीत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. कराची, सिंधमधलं हैदराबाद, शिकारपूर सोडून आलेल्या माणसांना त्याच बराकींत छप्पर मिळालं. वर्षानुवर्षं खपून त्यांनी त्या छावणीचं गाव केलं आणि गावाची पेठ केली. ज्या कराचीच्या वाटेनं पोलिश माणसं इथवर आली होती, ते कराची सोडून आलेली माणसं त्यांच्या जागी राहायला आली. हा योग एखाद्या कादंबरीत असता तर टीकाकारांनी ओढूनताणून आणलेला म्हटलं असतं.

गांधीनगरची पेठ हेच मला कोल्हापुरातलं सर्वांत बोलकं पोलिश स्थळ वाटतं, आणि हे विधान मी पूर्ण गांभीर्यानं करतो. स्तंभावर भूतकाळ लिहिलेला असतो. पेठेत तो वापरला जातो. आसरा दिलेली जागा रिकामी राहिली नाही, तिचं संग्रहालयही करून ठेवलं नाही. लगेच दुसऱ्या उखडलेल्यांना ती दिली गेली, आणि त्यांनी तिला जितकं वाढवलं तितकं कुठलंही स्मारक वाढलं नसतं. एकाच जमिनीनं दहा वर्षांच्या आत दोन खंडांतली माणसं सावरली. साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर स्तंभ वाच्यार्थ सांगतो आणि पेठेत ध्वनी ऐकू येतो. तो ऐकायला कान मात्र तयार हवेत. दुकानदार गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत असतो, पदर खांद्यावर टाकून बघा म्हणत असतो, आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीवर कधीकाळी एखादी पोलिश आई पत्राची वाट बघत बसलेली असते.

ही दोन स्थलांतरं आमच्या मंडळींना लांबची वाटली नाहीत, त्याचं कारणही सांगतो. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धाकानं आमच्या भागातली कितीतरी घरं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडे गेली. बार्शी तालुका तेव्हा मुंबई प्रांतात होता. चार कोस चाललं की दुसरं राज्य. भांडीकुंडी गाडीत टाकून, गुरं हाकत, ओळखीच्या-बिनओळखीच्या दारात जाऊन राहायचं, हे आमच्या आज्या-पणज्यांनी केलंय. येरमाळ्याचं माणूस वळिवड्याला यजमानाच्या बाजूनं येतं खरं, पण त्याच्या घरात पाहुण्याचीही आठवण असते.

मग वळिवडे. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे नावाचं छोटं स्थानक आहे. गांधीनगर-वळिवड्याच्या त्या पट्ट्यात १९४३ पासून एक संपूर्ण पोलिश गाव वसलं होतं. बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथकं, दुकानं. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारवर, परवानगी आणि देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, भूमी कोल्हापूर संस्थानची. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि गादीवर अजाण बालक होतं. त्यामुळे एका राजाच्या औदार्याची गोष्ट म्हणून ही सांगितली की ती नीट बसत नाही. बालाचडीची कथा जामसाहेबांभोवती फिरते आणि ती तशीच शोभते. वळिवड्याच्या कथेला तसा एकच नायक नाही. भाजी, दूध, कापड घेऊन येणारी आसपासची माणसं, छावणीत काम करणारे गडी, पोस्टातले लोक, आणि नदीवर पोहणाऱ्या परक्या गोऱ्या पोरांना हाकलून न लावणारं गाव, असे कितीतरी हात तिला लागलेले आहेत. मला ही रचना अधिक आवडते.

आणि या रचनेतला स्थायी भाव कुठला, तर वात्सल्य. साहित्यदर्पणकार विश्वनाथानं वत्सल हा स्वतंत्र रस मानला. पुष्कळांनी तो मानला नाही. वळिवड्याला गेलं की विश्वनाथाचं म्हणणं पटतं. त्या छावणीतली मला सर्वांत भिडणारी गोष्ट तिथली शाळा आहे. देश नकाशावरून पुसला गेलाय, नवरा कुठे आहे ठाऊक नाही, उद्या कुठल्या खंडात पाठवतील याचा भरवसा नाही, आणि अशा वेळी ही माणसं प्राथमिक शाळेपासून वरच्या वर्गांपर्यंत पोलिश भाषेतलं शिक्षण उभं करतात. व्याकरण शिकवतात, इतिहास शिकवतात, परीक्षा घेतात, नाटकं बसवतात, लोकनृत्यं बसवतात. परीक्षा घेणं म्हणजे उद्यावर विश्वास ठेवणं. ज्या मुलांनी रशियात भुकेनं माणसं मरताना पाहिली होती, त्यांना आयांनी आणि शिक्षिकांनी गृहपाठ दिला, नाताळची गाणी पाठ करायला लावली, पंचगंगेत डुंबू दिलं. पुढे म्हातारपणी या मुलांनी जे लिहिलं-सांगितलं, त्यात वळिवड्याची आठवण छळछावणी म्हणून येत नाही. बालपण म्हणून येते. पाच वर्षांत इतकी मोठी गोष्ट साधणं, तीही कमावता माणूस घरात नसताना, हे त्या बायकांचं कर्तृत्व आहे. आसरा आपण दिला. बालपण त्यांनी दिलं. आपण ही कथा सांगताना पहिल्या अर्ध्यावर थांबतो आणि दुसरा अर्धा त्यांच्या पदरात टाकायला विसरतो.

१४ सप्टेंबर २०१९ रोजी वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं. पोलंडचे उप परराष्ट्रमंत्री आले होते, संभाजीराजे छत्रपती होते, आणि मुख्य म्हणजे इथे लहानपण काढलेली ऐंशी-नव्वदीतली पोलिश मंडळी आली होती. त्या वयात इतका प्रवास माणूस कर्तव्य म्हणून करत नाही. लेक माहेरी येते तसं यायचं असतं. बापाचं गाव राहिलं नाही, ज्या देशात पुढे आयुष्य गेलं तो परकाच होता, मग माहेर म्हणायचं कशाला? लहानपण जिथे गेलं त्या जागेला. आमच्या मावशींना हे कुणी समजावून दिलं नाही. स्तंभाजवळ त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देवाला जोडतात तसे हात जोडले.

पोलिश बाजूची आठवण बऱ्यापैकी जपली गेली आहे. हिंदुस्थानात राहून गेलेल्या पोलिश माणसांनी लंडनमध्ये संघटना केली, आठवणींचा मोठा ग्रंथ काढला. अनुराधा भट्टाचार्जी यांनी या निर्वासितांवर २०१२ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मराठी बाजू मात्र घराघरांत विखुरलेली आहे. छावणीत दूध घालणाऱ्याचा नातू, तिथल्या दवाखान्यात काम केलेल्या बाईची लेक, पोलिश पोरांबरोबर नदीत उडी मारलेलं एखादं नव्वदीचं माणूस, यांच्याकडे जे आहे ते बसून लिहून घ्यायला हवं. करवीर तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या हातातलं हे काम आहे आणि त्याला फार वेळ उरलेला नाही.

सहलीच्या रचनेबद्दल एक सूचना करतो, कारण रसग्रहणात दोषही दाखवायचा असतो. आम्ही बाग, दफनभूमी, पेठ, वळिवडे असे गेलो. म्हणजे आभारापासून सुरुवात करून जगण्यापर्यंत पोचलो. पुढच्या खेपेला हा क्रम उलटा लावून पाहायचा आहे. सकाळी दर्शन झालं की थेट गांधीनगर. दुकानं उघडत असताना, गठ्ठे सुटत असताना तिथे पोचायचं, बायकांना खरेदीला मोकळा वेळ द्यायचा आणि त्या वेळी काहीही सांगायचं नाही. मग वळिवड्याला जाऊन सांगायचं की तुम्ही आत्ता ज्या जमिनीवर बस्ता बांधलात ती कुणाची होती. तिथून दफनभूमी, आणि संध्याकाळी बाग, जेव्हा तिथे सगळ्यात जास्त पोरं खेळत असतात. या क्रमात स्तंभ शेवटी येईल आणि त्याचा आभार आधी जगून झालेला असेल. गाडीत हे मांडलं तेव्हा मंडळींनी मान्य केलं. फक्त गांधीनगरला दोन तास पुरायचे नाहीत, तीन धरा, असं बायकांनी एकमुखानं सांगितलं, आणि ते तसंच ठरलंय.